अर्धा फेरा

५ मे, अठरा वर्षांपूर्वीचा

ती. स्व. आत्यास,
ठमीचा शि. सा. नमस्कार वि. वि.

पत्रास कारण की, अडकलो. आम्ही बांधलेलं यंत्र इथवर आलं, पण परत जायला तयार नाही. त्याच्या खणातून कागद जातो, माणूस जात नाही. तुझ्या भिंतीवरचा लंबक आणि आमचा लंबक एका ठोक्याने हलले तरच आम्ही सुटणार, आणि आमचा मागे पडतोय.

बाबा भेटले! डोळ्याला भिंग लावून दिवसभर दुकानात घड्याळं दुरुस्त करत बसतात. आम्ही कोण ते सांगितलं नाही, काम शिकायला आलोय म्हटलं. त्यांनी दुकानाचा माळा राहायला दिला. आई माहेरी आहे, दीड वर्षाची मी तिच्या कडेवर आणि टिल्लू पोटात. टिल्लू विचारतो, मग आत्ता मी नक्की किती ठिकाणी आहे?

बाबा तापाने गेले हे मनात असल्यामुळे तो दिवसातून चारदा त्यांच्या कपाळाला हात लावतो, उकळलेलं पाणी पाजतो. बाबा म्हणाले, हा पोरगा मागच्या जन्मी माझी सासू असणार.

लोभ असू द्यावा. रागवायचं ते आम्ही आल्यावर रागव.
ठमी


१९ जानेवारी

चि. ठमी व चि. टिल्लू यांस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुमच्या आईला कॉलेजची सहल लांबली असं सांगितलं. खोटं बोलणं मला इतकं जमतं, हे मला स्वतःबद्दल आवडत नाही.

इकडे थंडी आहे, तिकडे उन्हाळा. पितळेचा दांडा उष्णतेने लांबतो आणि लांब लंबक सावकाश हलतो. रोज हेच वर्गात शिकवते, आणि तुम्ही निघताना मला सुचलं नाही. गोळ्याखालचा नट वर चढवला की लांबी कमी होईल. किती चढवायचा, ते खात्रीच्या घड्याळाशी चोवीस तास ताडून ठरवा. दादाचाच नियम आहे, ताडल्याशिवाय घड्याळ गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचं नाही. त्यालाच विचारा. तो कसा हसतो, तेही लिहा.

तुमची वाट पाहणारी,
आत्या


७ मे

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

दुकानातल्या घड्याळांशी ताडू का विचारलं, तर बाबा म्हणाले, दवाखान्यातल्या आजाऱ्यांना विचारून कुणी औषध घेतं का? त्यांच्या मते गावात एकच घड्याळ खरं, बाजारातल्या मनोऱ्याचं. त्याचा सेकंदकाटा आतल्या बाजूला, अगदी वर आहे. म्हणून उद्या आणि परवा ते स्वतः वर चढणार. ठीक दहाला रुमाल हलवतील, आम्ही दुकानाच्या दारातून बघायचं.

हसतात कसे विचारलंस. आधी खांदे हसतात, मग तोंड. टिल्लूसारखे.

माया आहेच, ती तशीच राहू दे.
ठमी


२० जानेवारी

चि. ठमी, चि. टिल्लू,

आशीर्वाद. दादाला मनोऱ्यावर चढू देऊ नका. उद्या नाही, परवा नाही, कधीच नाही.

तो तापाने गेला नाही. मनोऱ्यावरून पडून गेला. देखभालीचा दिवस नसताना वर कशाला गेला, हे कुणालाच कळेना. लोक नको नको ते बोलले, म्हणून तुमच्या आईने आणि मी ताप ठरवला. अठरा वर्षं मी विचारत होते, का गेला. आज तुझ्या पत्रात उत्तर आलं. ताडून पाहा, असं मीच लिहिलं होतं.

ताडायची गरज नाही. तीनदा गणित केलं. दांडा ९९४ मिलिमीटर, तापमानात फरक पंचवीस अंशांचा, म्हणजे वाढ साधारण अर्धा मिलिमीटर. नटाचा एक फेरा एक मिलिमीटरचा. अर्धा फेरा वर द्या आणि निघा. तो पडला ती तारीख मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर बाकीचे दिवस बेफिकीर राहाल.

आत्या


९ मे

चि. शहाणीस,
दादाचे आशीर्वाद.

तुझं पत्र काल सकाळी मुलं उठायच्या आत खणात पडलं. अक्षर तुझंच, पण आता तू माझ्याहून मोठी झालेली दिसतेस. ठमी तुझ्यासारखी नखं खाते, तेव्हाच शंका यायला हवी होती. पोरगा कपाळाला हात का लावतो, तेही कळलं.

अर्धा फेरा दिला. तुझं गणित चुकणार नाही, हे मला माहीत आहे. पण गिऱ्हाइकाचं घड्याळ मी न ताडता देत नाही, मग पोटच्या पोरांना अंदाजावर कसं पाठवू? काल दहाला चढलो आणि उतरलो, काही झालं नाही. आज दहाला पुन्हा. माझा रुमाल आणि त्यांचे दहा जुळले तर ऊन चढायच्या आत तसेच निघा, माझ्या उतरण्याची वाट पाहू नका, असं बजावलंय. कठडा धरूनच उतरेन.

पडलोच तर माझा पाय घसरला असेल, तुझं पत्र नव्हे. ते परत पाठवतोय, जाळून टाक. त्यांना ताप माहीत आहे, तापच राहू दे.

तू कितीही मोठी झालीस तरी तुझा मोठाच,
दादा


२१ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. नमस्कार.

मुलं पोहोचली. लंबक जुळला होता. आता तो थांबवला आहे, त्यामुळे हे पत्र कुठेच जाणार नाही. तू परत पाठवलेलं माझं पत्र मी जाळलेलं नाही. नऊ मे ही तारीख लिहिली असती तर तू एक दिवस थांबला असतास का, एवढंच विचारायचं होतं.

ठमी आल्यापासून झोपली आहे. टिल्लू मात्र सारखा सांगतोय की निघायच्या आधी त्याने हात लावून पाहिला, तुझं कपाळ गार होतं. ताप नव्हताच. म्हणजे बाबा वाचले ना, असं विचारतो. दुकानात जाऊन बघून येतो म्हणाला, आणि चपला घालून मघापासून दारात उभा आहे. मी म्हटलं, थांब, एवढं पत्र पुरं करते.

म्हणून लिहिते आहे.

तुझी,
शहाणी