अकलोलीला जाण्याची तयारी

९ फेब्रुवारी, रविवार, संध्याकाळ

वही नवीन. पेन नवीन. माणूसही नवीन करायचा आहे, म्हणून ही रोजनिशी.

आज अकलोलीला मुलगी बघितली. नाव रुचिका. स्थळ ठकुबाईने आणलं. ठकुबाई धवलारीण आहे. गावोगावच्या हळदीत गाणी म्हणते, त्यामुळे कुठल्या घरात लग्नाचं कोण आहे हे तिला तोंडपाठ असतं. मोठी माणसं ओटीवर बोलत बसली. आम्हा दोघांना मागच्या पडवीत पाठवलं.

मी मुद्दे काढून गेलो होतो. शिक्षण: बारावी, एक विषय राहिला. नोकरी: निजामपुऱ्यात हिरामणशेठच्या दुकानात बॅनरचं कंपोजिंग. आवड: शुद्धलेखन. तिने यातलं काहीच विचारलं नाही. म्हणाली, "तुम्ही पेढ्याचे चार तुकडे करून खाल्ले." मी म्हणालो, सवय आहे. तर म्हणाली, "माझे बाबा पण असेच खायचे. आधी पेढा तोडून. मग भाकरी कुस्करून. शेवटी नळीने. पुडी खाता ना?"

खोटं बोलणं माझ्या स्वभावात नाही. कधीकधी, म्हणालो.

तिचं म्हणणं थोडक्यात असं. बाकी सगळं पसंत आहे. फक्त ही तंबाखूची पुडी सुटली पाहिजे. पाडव्यापर्यंत वेळ. मग मी स्वतः अकलोलीला यायचं आणि तिच्यासमोर सांगायचं. फोनवर नाही, आईच्या हाती निरोप नाही.

सोपं आहे. मला पुडीचं व्यसन नाही, नुसती सवय आहे.

परत येताना आई रिक्षात म्हणाली, "पोरगी सोन्यासारखी हाय. घालवू नको रं दिप्या." घालवण्याचा प्रश्नच येत नाही.

ठकुबाईने दिलेल्या फोटोत रुचिकाच्या मागे लोखंडी कपाट आलंय, वर सुटकेस. आमच्या धंद्याच्या नजरेने बघितलं तर बॅकग्राउंड कट करायला पाहिजे.

१० फेब्रुवारी, सोमवार

विचार केला. नुसती पुडी सोडणं ही पद्धत चुकीची. माणसाचं सगळं आयुष्य एकदम सुधारलं तर पुडी आपोआप गळून पडेल. म्हणून पूर्ण टाइमटेबल केलं. पहाटे उठणे. चालणे. दिवसभरात बाटलीभर पाणी संपवणे. तेलकट बंद. झोपताना मोबाइल बंद. पुडी सगळ्यात खाली लिहिली, कारण आधी पाया भरावा लागतो.

दुकानात कंपोज केलं, चांगला फॉन्ट निवडला, लॅमिनेट केलं. मिथुन प्रिंटिंग मशीनवर असतो. त्याने वाचून दाखवलं, मोठ्याने, गिऱ्हाइकांसमोर. मग म्हणाला, "भावा, तिने पुडी सोड म्हटलंय. ऑलिंपिकला जा नाही म्हटलं."

मिथुनला प्लॅनिंग कळत नाही. त्याने स्वतः एके दिवशी खिशातली पुडी काढून गटारात टाकली आणि विषय संपवला. त्याला पद्धत म्हणत नाहीत.

१२ फेब्रुवारी, बुधवार

टाइमटेबल स्वयंपाकघराच्या दारावर लावलं. शुद्धलेखन निर्दोष. बाबांनी बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "ह्या कोनाचा बॅनर हाय?"

पहाटेचा अलार्म वाजला होता. ताबडतोब बंद केला. बाबा वळ गावातल्या गोडाऊनला नाईट ड्युटी करून येतात, त्यांची झोप मोडू नये. घरातल्यांचा विचार करणं हीसुद्धा चांगली सवय आहे.

पुडी: रोजच्यासारखी. पण मनात विचार चालू आहे.

२३ फेब्रुवारी, रविवार

काल चुलतभावाची हळद झाली. अर्धी भिवंडी जेवायला होती. मटणात आचाऱ्याने मिरची इतकी ओतली होती की माझं तोंड पेटलं. बाकी कुणाची तक्रार नव्हती. लोकांना वाईट खाण्याची सवय लागली आहे. मी भात आणि नुसतं पाणी घेतलं. म्हणजे डाएट आपोआप पाळलं गेलं.

जेवणानंतर पान-तंबाखूचं ताट फिरलं. फिरवणारे थोरले काका. वडीलधाऱ्याच्या हातातलं ताट पुढे ढकललं तर तो हळदीच्या घराचा अपमान असतो. घेतलं. ताट परत आलं, परत घेतलं. ही सवय नाही, ही रीत आहे. रुचिका आमच्याच समाजातली आहे, तिला हे सांगावं लागणार नाही.

मांडवात ठकुबाई गात होती. मला बघून मध्येच थांबली आणि तिथूनच ओरडली, "काय रं जावयबापू, अकलोलीला काय सांगू?" मी म्हणालो, सांगा तयारी चालू आहे. तर म्हणते, "तयारी लगनाची करतात रं. पुडी सोडायची कसली तयारी?"

सगळा मांडव हसला. मीही हसलो, तोंड उघडलं तेवढं.

३ मार्च, सोमवार

नवीन सुरुवात. फेब्रुवारी हा महिना मुळातच अपुरा असतो.

स्टीलची बाटली घेतली. चालण्याचे बूट घेतले. सकाळी चालायला गेलोसुद्धा. रस्त्याच्या टोकाला टपरी आहे, तिथून परत फिरायचं ठरवलं, कारण परत फिरायला काहीतरी खूण लागते. टपरीवाला ओळखीचा. नुसतं परत फिरणं बरं दिसलं नसतं. एक घेतली. एक खिशात ठेवली, ती खायची नाही, निश्चयाची परीक्षा म्हणून ठेवायची.

दुपार: परीक्षा झाली.

८ मार्च, शनिवार

आज मशीन बंद होती. लाइट नव्हती. मिथुन म्हणाला, "तोंड उघड बघू." त्याने स्वतःच्या तोंडात तीन बोटं उभी घालून दाखवली. माझ्या तोंडात दोन गेली, तीही दुसरी तिरकी करून. तो हसेल असं वाटलं होतं. हसला नाही. म्हणाला, "दीपेश, उद्या डॉक्टरकडे जाऊ. मी येतो बरोबर."

मी त्याला समजावलं की प्रत्येकाच्या जबड्याची ठेवण वेगळी असते. आमच्याकडे सगळ्यांची तोंडं लहान. तो म्हणाला, "तुझ्या आईचं तोंड निजामपुऱ्यापर्यंत ऐकू येतं."

गालाच्या आतून मला सध्या फारसं काही कळत नाही. चहा ओठाला गरम लागतो, आत गेला की नुसता चहा. तिखट तेवढं लागतं. बाकी सगळं शांत आहे. म्हणजे त्रास असा काही नाही.

डॉक्टरकडे जायचं आहेच. पण आधी पुडी सोडून जावं. नाहीतर त्यांच्यासमोर काय सांगणार?

१४ मार्च, शुक्रवार

शिमगा. सणाला टाइमटेबल लागू नाही. तशी तळटीप दारावरच्या कागदावर मार्करने लिहिली.

२९ मार्च, शनिवार

उद्या पाडवा. शर्ट इस्त्री करून खुंटीला लावला.

दुपारी रुचिकाचा मेसेज आला. तिने आधी कधी केला नव्हता. जसाच्या तसा उतरवून ठेवतो: "उद्या पाडवा आहे. सुटली नसेल तरी या. खरं काय ते सांगा, मग बघू आपण काय करायचं ते. बाबांनी शेवटपर्यंत आमच्यापासून लपवलं. मला तेवढंच नको आहे."

मेसेज दोनदा वाचला. चूक एकही नाही. मला आनंद झाला.

उत्तर लिहायला बसलो. पहिलं वाक्य "सुटली नाही" असं केलं. ते फार तुटक वाटलं. "अद्याप पूर्णपणे सुटलेली नाही" केलं. ते सरकारी वाटलं. मग "कमी झाली आहे" केलं. ते बरोबर आहे की नाही याची खात्री होईना, कारण मोजली नव्हती. दुकान बंद व्हायची वेळ आली तेव्हा "तयारी चालू आहे" एवढंच पाठवलं.

तिचा अंगठा आला. म्हणजे समजलं.

३० मार्च, रविवार, पाडवा

गेलो नाही. सकाळी शर्ट घातला होता. आई देवासमोर उभी राहून माझ्याकडेच बघत होती. पण उठल्या उठल्या सवयीने एक पुडी खाल्ली गेली होती, आणि अर्धवट तयारीने कुठे जाणं मला पटत नाही. ती "सुटली नसेल तरी या" म्हणाली हा तिचा मोठेपणा. त्याचा फायदा घेणं बरं नाही. आता अक्षय्य तृतीयेला पूर्ण होऊन जाणार. मुहूर्त पाडव्याच्या तोडीचा आहे.

शर्ट परत खुंटीला लावला.

१८ एप्रिल, शुक्रवार

आई म्हणाली, "अकलोलीवाली फोन उचलत न्हाईत. तू का गेला न्हाईस ते सांग." मी म्हणालो, तिकडे नेटवर्क नसतं. ती म्हणाली, "गरम पान्याची कुंडं हायत तिथं, जंगल न्हाय." मग बराच वेळ भांडी घासत होती. घासलेलीच परत घासत होती.

बाबा ड्युटीला निघाले. जाताना त्यांनी आपली पुडी माझ्यासमोर काढली नाही. बाहेर जाऊन खाल्ली. हे आधी कधी झालं नव्हतं.

पाणी: बाटली अर्धी. चालणे: बूट चावतात.

३० एप्रिल, बुधवार, अक्षय्य तृतीया

ऊन फार आहे.

५ मे, सोमवार

दुकानात लग्नसराईची गर्दी. हिरामणशेठने फाइल पाठवली आणि ओरडून सांगितलं, "अकलोलीची हळद हाय, अर्जंट, गुरुवारी दुपारी लागला पायजे." फोटो उघडला. लोखंडी कपाट. वर सुटकेस.

मिथुन मागे उभा होता. म्हणाला, "ऊठ तू, मी करतो." मी नको म्हणालो. मिथुनच्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका होतात. आणि हे कायमचं राहणारं काम आहे, लोक फोटो काढून ठेवतात.

आधी बॅकग्राउंड कट केलं. केस सुटे आहेत, कडा नाजूक होत्या, तरी चांगलं निघालं. मागे झेंडूची फुलं टाकली. रुचिका, चि र्‍हस्व. नवऱ्या मुलाचं नाव प्रितेश. वर डाव्या कोपऱ्यात गोलात तिच्या वडिलांचा फोटो, खाली "कै." फोटो आजारपणाच्या आधीचा असावा. दोन्ही गाल जागेवर आहेत.

प्रूफ तीन वेळा वाचलं. चूक नाही. हिरामणशेठ म्हणाले, "बॅनर असा पायजे. पोरगी काय उठून दिसते बघ."

मला काही विशेष वाटलं नाही. कामाच्या वेळी काम. मिथुनने चहा आणला आणि माझ्यापुढे ठेवला. प्यायलो. गरम होता की गार हे सांगता येणार नाही.

आईला अजून सांगितलं नाही. ठकुबाईने सांगितलं असेल तर माहीत नाही. आईने आज दारावरचा कागद काढून त्यावर लसूण निवडला.

८ मे, गुरुवार, संध्याकाळ

आज अकलोलीला जाऊन आलो.

झालं असं. टेम्पोवाला नवशा आला नाही. हिरामणशेठ म्हणाले, दीपेश, तूच बाइकवर टाक. मिथुन म्हणाला मी जातो, आणि चावीसुद्धा त्यानेच उचलली. मी त्याच्याकडून घेतली. मला तसंही तिथे एकदा जायचंच होतं. घरावरून जाताना खुंटीवरचा शर्ट घातला. इस्त्री थोडी मोडली होती.

वाटेत वाक्य ठरवलं. "सुटली नाही. पण सांगायला आलो." लहान आहे, शुद्ध आहे, आणि खरं आहे. आता त्याचा उपयोग नाही हे मला कळत होतं. पण तिने सांगायला बोलावलं होतं, तेवढं तरी पूर्ण होईल. पाडव्यालाच हे वाक्य का सुचलं नाही, माहीत नाही. हेल्मेटमध्ये पुन्हा पुन्हा म्हणून बघितलं. अंबाडी नाक्याला पोहोचेपर्यंत पाठ झालं. तिथे टपरी दिसली. मन स्थिर पाहिजे म्हणून थांबून एक घेतली. एकच.

दारात मांडव घातला होता. तिचे मामा शिडीवर चढले, मी खालून दोरी धरली. बॅनर सरळ लागला. घरातून बायका बघायला आल्या आणि "अगं बाई, कपाट कुठं गेलं?" म्हणून हसायला लागल्या. त्यांच्या मागून रुचिका आली. हातात पाण्याचा तांब्या. हळद अजून लागली नव्हती.

मला बघून थांबली. मग पुढे आली. म्हणाली, "उन्हातून आलात. पाणी घ्या."

मग तिने माझ्या गालाकडे बघितलं.

"बोला," म्हणाली. एवढंच.

वाक्य तयार होतं. तोंड भरलेलं होतं. अंगण नुकतंच सारवलेलं होतं, थुंकायला कुठे जागा नव्हती, आणि बायका बघत होत्या. मी हातानेच नको म्हणालो. पाणी नको, या अर्थाने. तिने तांब्या मामांना दिला. मग आत गेली.

मामा पाणी पिऊन म्हणाले, "एक नंबर काम केलंत. जाऊ नका, हळदीला थांबा, जेवूनच जा." मी मान हलवली आणि बाइकला किक मारली.

गावाबाहेरच्या वळणावर थांबून थुंकलो. डिकीत स्टीलची बाटली होती. उभ्या उभ्या सगळी संपवली.

पाणी: पूर्ण. टाइमटेबल लावल्यापासून पहिल्यांदाच.