आखूड बाह्या

दि. ४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे ज्युदोचे दोन्ही पोशाख, पांढरा आणि निळा, आज पार्सलने पाठवले. संघाने पोशाख दिले होते की तंबू, कळत नव्हतं. आत आणखी एक खेळाडू लपवून नेता आली असती. कंबर घेतली, खांदे उतरवले, बाह्याही माझ्या पद्धतीने नीट केल्या. शिलाई दुहेरी आहे. कोणी कितीही ओढू दे, माझा टाका सुटायचा नाही.

एक ऐक. स्पर्धेच्या दिवसापर्यंत ते अंगाला लावू नकोस, सरावाला जुनाच घाल. नव्या कपड्याची घडी लढतीलाच मोडावी, असं आपलं माझं मत. कोचबाईंना विचारत बसू नकोस.

इतक्या देशांच्या पोरी येणार म्हणे. तूही सोळाची, त्याही सोळाच्याच, पण फोटोत चांगल्या दांडग्या दिसतात. गेल्या वर्षी राज्य स्पर्धेत त्या उंच मुलीने बाही धरून तुला आपटलं, तो व्हिडिओ मी बोटांच्या फटीतून बघितला होता. पुढचे आठ दिवस शाळेच्या गणवेशांवर माझी एक शिवण सरळ आली नाही. जेवणाची हयगय करू नकोस.

लोभ आहे तसाच राहू दे, आणि पत्र लिहायचा आळस सोड.
तुझी आत्या


दि. २१ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि. नमस्कार करतेय, पण दातओठ खाऊन.

लढतीच्या आधी पोशाख तपासतात, आत्या. हात पुढे करायला लावतात आणि बाही मनगटापर्यंत पोचते का ते बघतात. समोरचीला धरायला कापडच नसेल तर खेळ कसला? माझी बाही चार बोटं वर. घाईघाईने निळा घातला, तर तोही तसाच. तपासनीस म्हणाले की दहा मिनिटांत नीट पोशाख घालून आली नाहीस तर लढत समोरचीला देऊ. तीन वर्षांचा सराव, पहिलीच आंतरराष्ट्रीय स्पर्धा, आणि मी बाह्यांपायी बाहेर! मला तिथेच रडू फुटलं.

मग एकदम आठवलं, तुला चांगलं कापड कापवत नाही. बाही उलटी केली तर आत सगळं कापड दुमडून ठेवलेलं! पण तुझा तो दुहेरी टाका! एक बाही घेऊन कोचबाई नेलकटरने उसवायला बसल्या. दुसरीशी मी नखांनी झटापट करत होते. शेजारच्या बाकावर तांबूस केसांची एक मुलगी होती. तिची भाषा मला येत नाही, माझी तिला. तिने माझ्या हातातून बाही ओढून घेतली आणि सरळ दातांनी टाके तोडायला लागली. दोन मिनिटं उरली असताना मी पुन्हा हात पुढे केले आणि पास झाले.

माझी लढत तिच्याशीच होती. पावणेचार मिनिटं आम्ही बरोबरीत. शेवटच्या पंधरा सेकंदांत तिने माझी डावी बाही पकडली, तिनेच उसवलेली, आणि मला असं फेकलं की छतावरचे दिवे नीट बघून झाले. मी हरले, आत्या. खूप वाईट वाटलं, अजून वाटतंय. पण खेळून हरले.

लागलं अजिबात नाही. ज्युदोत सगळ्यांत आधी पडायलाच शिकवतात, बाकीचं सगळं नंतर. हे मी तुला कधी सांगितलंच नव्हतं का? आणि बाह्या आखूड का केल्यास, ते खरंखरं कळव.

लोभ कमी झालेला नाही. राग उतरला की वेगळं कळवीन.
तुझी भिंगरी


दि. २ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद, आणि कान पकडून माफी.

पत्र दुकानात उभ्यानेच वाचलं. गिऱ्हाईक माप द्यायला हात पसरून उभं, आणि मी आपली रडतेय. मला वाटलं होतं, बाहीच हाताला लागली नाही तर समोरची बया धरेल काय आणि आपटेल काय! नियम तुला मुद्दामच विचारला नाही. विचारला असता तर तू नको म्हणाली असतीस, हे मला ठाऊक होतं.

पंचवीस वर्षं मी पोरांचे कपडे शिवतेय, आणि प्रत्येकाचे वाढत्या अंगाचे शिवतेय. एका तुझेच तेवढे आखूड शिवले. तुझं आपटणं मला बघवत नाही गं, म्हणून. याची फार लाज वाटतेय. खेळून हरलीस हे वाचून ऊर भरून आला, तेही खरं.

दोन्ही पोशाख धाडून दे. बाह्या मनगटापर्यंत नीट सोडून देते. त्या तांबूस केसांच्या मुलीला माझी शाबासकी कळव. माझा टाका तोडणारी आजवर कोणी भेटली नव्हती.

पुढची स्पर्धा मे महिन्यात ना? मी येतेय. पहिल्या रांगेत बसेन. तू जिंकताना माझे डोळे मिटले तर मिटले, पण पडशील तेव्हा उघडे ठेवीन, एवढं कबूल.

राग उतरला असेल तर लोभ, नसेल तर रागासकट लोभ असू दे.
तुझी आत्या