भिंतीएवढी बटणे

चिरंजीव भाचीस मामाचे भरघोस आशीर्वाद. तुझी पाठ आता कशी आहे? ताठ बसत जा. उभे आयुष्य व्यासपीठावर काढलेल्या माणसाचा हा सल्ला आहे. आमची प्रकृती उत्तम, भूक त्याहून उत्तम.

मामीचे बटणांचे दुकान तू इंटरनेटवर थाटून दिलेस आणि फोटो लहान करूनच चढवा म्हणालीस, तेव्हा मी केवढा कडाडलो होतो ते तुला आठवत असेल. (शेजाऱ्यांनाही आठवते.) गिऱ्हाइकापासून कणभरही लपवणे ही लबाडी आहे, सत्याला कात्री लावणारा मी नव्हे, असे ठणकावून मी चौकातले जाहिरात फलक करणारा फोटोग्राफर बोलावला. गडी कामाला चोख. शर्टाचे बटण त्याने असे टिपले की छापले तर तिमजली इमारत झाकेल. एकेक भोक विहिरीएवढे! अशी तीनशे बारा बटणे मी स्वहस्ते चढवली आणि कृतार्थ झालो.

परवा मामीचे जुने गिऱ्हाईक, कोपऱ्यावरची शिंपीणबाई, घरी आली. म्हणे, मोबाइलवर दुकान उघडले, एक झगा शिवला, त्याला इस्त्री केली, तरी बटणाची वरची कड तेवढी दिसत होती. "अहो, सूर्यसुद्धा याहून लवकर उगवतो!" शेवटी तिने दुसरीकडून बटणे घेतली, आणि ती कशी आहेत हे विचारायला मामीकडेच आली. (मामीने चांगली आहेत म्हणून सांगितले. तिचा हा प्रामाणिकपणा मला फार जाचतो.) महिनाभरात एकही मागणी नाही, आठ दिवसांत दुकान धावले नाही तर बंद करते, असे मामी शांतपणे म्हणाली. मी ताबडतोब उठून सत्य आणि वेग या विषयावर पाऊण तास बोललो. मध्येच मामीने मोबाइल पुढे धरला. "हं, एक बटण आलं बघा." मी बोलायचा थांबलो. माझ्या सार्वजनिक जीवनात हे प्रथमच घडले.

बाकी सर्व आनंद आहे.

तत्त्वाला चिकटून असलेला,
तुझा मामा

ता. क. सोबत पेनड्राइव्ह आहे. (ईमेलने पाठवायला गेलो, तर पहिलेच बटण अडकले.) सगळे फोटो लहान करून शनिवारच्या आत निमूटपणे चढव. तत्त्वाचे काय, असे विचारू नकोस. सत्य थोडक्यातही सांगता येते.

ता. क. दुसरा. दुकानाच्या पहिल्या पानावरचा, भाषण करतानाचा माझा फोटो मात्र मूळ आकारातच राहू दे.

ता. क. तिसरा, मामीकडून. पोरी, आधी ह्यांचाच लहान कर. सगळी बटणं त्याच्याच मागे रांगेत उभी आहेत.