पूर्वेच्या खिडकीखाली

३ सप्टेंबर

"बाहेर थंडी वाजेल त्याला, म्हणून घरातच ठेवलंय. पूर्वेच्या खिडकीखाली." आई हे म्हणाली त्याला सव्वीस वर्षं झाली. मी तापात होते. पाहिलं नाही, पुढेही कधी विचारलं नाही. आज रोमहून पोपचं पत्र आलं, आणि ते वाक्य दिवसभर कानात आहे.

४ सप्टेंबर

पत्र हातात धरायला मिळालं! लव्हाळ्याचा कागद, शिशाची मोहर. हळूच वासही घेतला — ओल्या गवतासारखा.

स्वयंपाकघरातून आमच्या मठातली रेस्पेक्ता ओरडली, "पोपना आपलं घर कसं ठाऊक ग? माझ्या मसुराचा वास रोमला पोचला वाटतं!"

घर माझंच. नवरा गेल्यावर मठाला दिलं, आणि मीही मठातलीच झाले. पूर्वेची खोली आता प्रार्थनाघर व्हायची आहे, संत युलिआनांच्या नावाचं. बिशपांनी ते पवित्र करावं, असं पत्रात आहे. एकच अट — तिथे कुणाला पुरलेलं नसावं.

५ सप्टेंबर

संतांना असा शेजार का चालत नसेल? माझं नऊ दिवसांचं पोर, खिडकीखालचं. जागा ती किती अडवणार!

७ सप्टेंबर

खात्री करायला बिशपांचे मदतनीस धर्माधिकारी आले, डीकन क्रेस्कोनियुस.

"घर तुमचं होतं, ताई. इथे कुणी पुरलेलं नाही ना?"

"कुणी नाही."

किती पटकन म्हणाले मी! पत्राखाली तसं लिहून सहीसुद्धा केली.

९ सप्टेंबर

नाव ठेवायच्या दिवशीच तो गेला होता. मला वाटायचं, नाव नसलेल्याला नाकारणं सोपं असेल. नाही.

मठाच्या थोरल्या बाईंना, गौडिओसांना, सगळं सांगितलं. त्या मसूर निवडत होत्या. निवडतच राहिल्या.

"मग उचलावं लागेल त्याला. टेकडीमागे नेऊ, आपल्या मठातल्या बायका पुरल्यात तिथे."

"मी हात लावू देणार नाही, बाई."

"घर दान दिलंस ना? मग खिडकीखालची हातभर जमीन तेवढी मागे ठेवलीस होय?"

मीही समोर बसून मसूर निवडू लागले.

१२ सप्टेंबर

थोरल्या बाईंनी कळवलं, तसे डीकन रागावून आले. "पोपच्या पत्राखाली खोटी सही! तुमच्यासारख्या बाईनं!" मग दोन गडी कामाला लावले.

मी तागाचं धुतलेलं फडकं घेऊन दारात उभी. भीती होतीच, पण खरं लिहायचं तर पाहायचंही होतं. केवढासा असेल? केस होते त्याला, काळे.

गुडघाभर खणलं. कमरेइतकं. खडक लागला. काही नाही!

"सव्वीस वर्षं झाली ग, माती झाली असेल," रेस्पेक्ता माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली.

पण आपल्याकडे बाळाला अर्ध्या रांजणात ठेवतात. खापरीची काही माती होत नाही. एक तुकडासुद्धा नव्हता.

डीकनांचा राग कुठल्या कुठे गेला. "जागा मोकळी आहे! अट पुरी झाली. रविवारी बिशप येतील." थोरल्या बाईंनी मला जवळ घेतलं. सगळ्याजणी हसत होत्या. फडकं माझ्या हातातच.

१३ सप्टेंबर

खड्डा बुजवला. उद्या फरशी बसणार. आई जाऊन अकरा वर्षं झाली. विचारायला कुणी नाही.

सकाळीच डीकनांकडे जाणार आहे. नाहीच म्हणतील, ठाऊक आहे. तरी पाया पडून सांगणार — फरशी बसवू नका. भिंतीपासून भिंतीपर्यंत खणा, मग अंगण खणा, सगळं घर खणा.