चौदा नंबरच्या जागेतली राखाडी गाडी

२९ सप्टेंबर, सोमवार

गाडी अजून तिथेच आहे. सेक्रेटरी सत्यमूर्तींनी स्वतः खाली जाऊन पाहिलं आणि मला फोनवर सांगितलं. राखाडी रंग, जुनं मॉडेल, पुढचा एक दिवा चिरलेला. आमच्या चौदा नंबरच्या पार्किंगच्या जागेत तिरकी उभी, काल दुपारपासून. बिल्डिंगमध्ये ती कुणाची नाही, कुणाच्या पाहुण्याचीही नाही.

फ्लॅट घेतला तेव्हापासून ही जागा रिकामीच. कुणी तिथे सांडगे वाळवले, कुणी सायकली लावल्या. मी हरकत घेतली नाही. मला गाडी चालवता येत नाही, हौसही नाही. आणि आता जागा खरोखर लागणार, तर हे!

परवा आयुधपूजा, म्हणजे खंडेनवमी; इथे त्या दिवशी गाड्यांची पूजा होते. परवाच माझ्या बायकोची, विशालाक्षीची, नवी गाडी यायची आहे — लहानशी, लाल. शाळेतून निवृत्त झाल्यावर बाई गाडी शिकल्या. मी हसलो होतो तेव्हा. ती म्हणाली, "आयुष्यभर 'जरा सोडता का' म्हणत लोकांच्या दारात उभी राहिले. आता नाही."

३० सप्टेंबर, मंगळवार

पोलीस ठाण्यात जाऊन आलो. चोरीची तक्रार नाही. नंबर तुमकूरकडचा, मालकाचा पत्ता कुणिगलजवळच्या खेड्यातला, फोन बंद. हवालदार म्हणाला, "सगळे दसऱ्याच्या बंदोबस्तात आहेत, सार. सण होऊ द्या."

सत्यमूर्तींना दम निघत नाही. "चाकांतली हवा सोडतो! क्रेन बोलावतो! श्रीकंठय्या, तुमच्यासारखी गरीब गाय बघूनच लोक गाड्या लावून जातात." मी म्हटलं, क्रेन सणानंतर. हवा मात्र राहू द्या. हवा गेलेली गाडी हलणार कशी?

संध्याकाळी विशालाक्षीने शोरूमला फोन करून टाकला — "गाडी उद्या नको, जागाच नाही. दिवाळीनंतर कळवते." मी म्हणालो, दोन दिवस रस्त्यावर लावू की. "नवी गाडी रस्त्यावर? ओरखडा आला तर तुम्ही जबाबदार?"

पण फोन ठेवताना तिचा चेहरा! परीक्षा पुढे ढकलली म्हणून सुटलेल्या मुलीसारखा.

मागच्या आठवड्यात फ्लायओव्हरच्या चढावर तिच्या हातून शिकवणीची गाडी बंद पडली होती. मागून बसवाल्याने हॉर्नचा मारा केला, बाइकवरची पोरं हसत गेली — "आज्जी, रिक्षा करा!" तिने घरी काही सांगितलं नाही. तिला गाडी शिकवणाऱ्या मास्तरांकडून मला कळलं. परवाना मिळाल्यावरही ती सरावाला जायची; तेव्हापासून गेलेली नाही.

म्हणजे ही बेवारशी गाडी तिच्या पथ्यावरच पडली आहे. आज पुढे ढकललं की दिवाळी, मग संक्रांत. मग कधीच नाही. मी तिला ओळखतो.

१ ऑक्टोबर, बुधवार. आयुधपूजा

आज जे झालं ते लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

शोरूमला कळवलं, भट्टरांना कळवायचं राहिलं! भट्टर म्हणजे आमचे पुरोहित. आज त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. त्यामुळे सातऐवजी सहालाच आले आणि खालून एका टोकाने सुरू झाले. आमच्या अजून आंघोळीच चालू. खाली गेलो तर चौदा नंबरच्या जागेत राखाडी गाडी नटून उभी! काचेला गंध-कुंकू, बॉनेटवर झेंडूचा जाडजूड हार, दोन बाजूंना केळीचे खुंट, चाकांखाली लिंबं. कोहळाही फोडून झालेला.

"भट्टरे, ही आमची नाही!"

"तुमची जागा ना? चौदा? तुम्हीच म्हणालात, चौदात गाडी असेल. संकल्पही नीट सोडलाय — काश्यप गोत्र, स्वाती नक्षत्र, विशालाक्षी नामधेय. चला, मला अजून सात इमारती आहेत."

मग दिवसभर बिल्डिंगचे लोक. "सार, अभिनंदन!" "नवीन म्हणता आणि दिवा फुटलेला? जुनी घेतली होय?" "रंग छान आहे हं, मळ दिसत नाही." मी तिघांना खुलासा केला, चौथ्याला नाही. चुरमुरे-डाळं वाटून टाकलं. सत्यमूर्तींनीही हात पुढे केला. "आधी नाही का सांगायचं तुमचीच आहे ते? उगाच क्रेनवाल्याला आगाऊ देणार होतो!"

मी पोट धरून हसलो. विशालाक्षी हसली नाही. "माझ्या नावाने संकल्प सुटलाय तिच्यावर. आता तिचं बरंवाईट माझ्या डोक्यावर."

मी म्हटलं, भट्टरांची चूक आहे, तुझी नव्हे. ती म्हणाली, "चूक त्यांची, नाव माझं."

२ ऑक्टोबर, गुरुवार. विजयादशमी

सकाळी ती गाडीच्या काचेला नाक लावून उभी होती. मी गेलो तर मला वाकायला लावलं. "मागच्या सीटवर काय दिसतंय?"

कोहळा. बाजूला सुकलेला शेवंतीचा हार, कागदात बांधलेला.

"स्वतःच्या गाडीच्या पूजेला कोहळा आणि हार घेतलेला माणूस. तो सणाआधी गाडी टाकून गावाला जाईल? तो दहा मिनिटांसाठी उतरलाय, अहो. आणि परत येऊ शकला नाही."

इतकी वर्षं वर्तमानपत्रात बातम्या तपासल्या मी. हे मला सुचायला हवं होतं.

दहा मिनिटांसाठी म्हणून जावं आणि माणूस अडकून पडावा, असं आमच्या गल्लीत एकच ठिकाण आहे — शेजारच्या कंपाउंडमधलं हृदयरोगाचं हॉस्पिटल. त्यांचं फाटक आमच्या फाटकाला लागून. छातीत दुखत असेल तर चुकून एक फाटक आधी वळायला काय लागतं!

गेलो. चौकशीच्या खिडकीवरची मुलगी काही सांगेना, नियम आहे म्हणाली. बरोबरच आहे तिचं. आम्ही वळलो तर बाकावरची एक बाई उठून मागे आली. कपाळाला मोठं कुंकू, हातात डबा. "तुम्ही राखाडी गाडी म्हणालात का, अक्का?"

नाव निंगम्मा. नवरा होन्नेगौडा रविवारी शहरात खरेदीला आला होता. छातीत कळ आली, स्वतःच गाडी चालवत इथवर पोचला, हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर पडला. वाचला. शुद्धीवर आल्यापासून एकच — गाडी हॉस्पिटलच्या आवारात लावलीय, बघून ये. हिने आवार तीनदा पालथं घातलं. रखवालदार म्हणाला, अशी गाडी आलीच नाही. हिची खात्रीच पटली, चोरीला गेली. तक्रार केली तर पोलीस त्यांच्याशी बोलायला येतील आणि धसक्याने काही झालं तर? म्हणून रोज सांगते, "आहे हो, सावलीत आहे."

"देवाशपथ खोटं बोलतेय पाच दिवस. दसऱ्याच्या दिवशीसुद्धा!"

विशालाक्षीने तिला हाताला धरून आमच्या पार्किंगमध्ये आणलं. हार, खुंट, गंध बघून निंगम्मा जमिनीवर बसलीच. रडली, मग हसायला लागली. "पूजा कुणी केली, अक्का?"

"झाली," विशालाक्षी म्हणाली.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

होन्नेगौडांना भेटलो. उंच, हाडाचा माणूस, नाकात नळी. निंगम्माने सगळं कबूल केलं. ते म्हणाले, "मला ठाऊक होतं. हिला खोटं बोलता येत नाही, 'सावलीत' म्हणताना पदर चावते." मग माझ्याकडे वळून — "तुमची जागा अडवली, सार. रागावला असाल."

सत्यमूर्ती आज फळं घेऊन हॉस्पिटलात गेले म्हणे. क्रेनचा विषय नाही.

४ ऑक्टोबर, शनिवार

डॉक्टर उद्या सोडणार. महिनाभर गाडी चालवायची नाही. घरात दुसऱ्या कुणाला येत नाही. सत्यमूर्तींनी ओळखीचा ड्रायव्हर ठरवून दिला — सकाळी सातला येईल, दोघांना गाडीतूनच कुणिगलला सोडेल.

जागा रिकामी होणार, म्हणून मी विशालाक्षीला विचारलं, शोरूमला कळवू?

"बघू."

हा 'बघू' मला चांगला माहीत आहे.  

५ ऑक्टोबर, रविवार

ड्रायव्हर आला नाही. फोन बंद. होन्नेगौडा हॉस्पिटलच्या दारात चाकाच्या खुर्चीवर, मांडीवर औषधांची पिशवी. सत्यमूर्ती दुसरा ड्रायव्हर शोधत तिघांना फोन लावतायत. सणाला गावी गेलेले अजून परतले नाहीत, त्यात रविवार; कोण मिळणार? निंगम्मा हळूच म्हणाली, "कुणी जरा सोडेल का हो?"

विशालाक्षीने तिच्याकडे पाहिलं. मग किल्लीसाठी हात पुढे केला.

"माझ्याकडे परवाना आहे. हळू चालवते, हॉर्न वाजवणाऱ्याला वाजवू दे. चालेल का, अण्णा?"

होन्नेगौडा म्हणाले, "हळूच पाहिजे, अम्मा. डॉक्टरही तेच म्हणतात."

मी चष्मा घ्यायला वर आलोय, म्हणून एवढं लिहितो. ते दोघं मागे, मी पुढे. दुपारपर्यंत कुणिगल, परत येताना बस. उद्या अकराला लाल गाडी — शोरूमला तिनेच मघाशी सांगितलं.

खालून हॉर्न वाजतोय. तिचाच!