चिकनगुनिया आणि सव्वा मूठ गहू

२७ जुलै, जळगाव
पाय आहेत आणि जाता कुठेच येत नाही – असं पहिल्यांदाच. गुडघे, मनगटं, बोटं, सगळं सुजलंय. पेन मुठीत धरून लिहितोय. पुढच्या रविवारी घरी कानबाई बसणार, आमची खानदेशातली श्रावणातली देवी. तीन वर्षांनी धुळ्याला घरी जाऊन बघायचं ठरवलं होतं. आता खोलीचं दारसुद्धा लांब.

२९ जुलै
रक्त न्यायला लॅबमधली वृषाली आली. अजून शिकतेय, एम.एस्सी. "चिकनगुनियाच निघणार. तो पाण्याचा ड्रम कधी घासला होता?"
घासला नव्हता. विषय बदलला. डास हाताला चावला, मग गुडघे का?
"डास नुसता आणून सोडतो. विषाणूच्या अंगावर प्रथिनाचे काटे असतात. पेशीच्या अंगावरही प्रथिनं असतात, तिच्या कामाची. काटा त्यातल्या एकाला नेमका बसला, की पेशीच त्याला पिशवीत गुंडाळून आत ओढते. सांध्यांतल्या पेशींवर तसलं प्रथिन असतं."
म्हणजे फोडून शिरत नाही?
"नाही. आत घेतात त्याला."
मग पेशीने ते प्रथिन ठेवायचंच कशाला?
"त्याच्यासाठी थोडंच ठेवलंय? तिचं तिला लागतं."
गेली. दिवसभरात तेवढंच बोलणं.

३० जुलै
घरमालकीण वच्छलाअक्कांनी उंबऱ्यावर खिचडी ठेवली. "मरू नको रे बाबा, मग खोली कोण घेईल?" हसलो. जबडाही दुखला.

३१ जुलै
विषाणूचाच विचार. आत गेल्यावर पिशवी आंबट होते म्हणे, मग काटे उलगडतात, तो सुटतो आणि पेशीभर पसरतो.
मीही तसाच. फैजपूरला केळीच्या गाडीवर, एरंडोलला मंडपवाल्याकडे, नशिराबादला ढाब्यावर – "काय नाना, बरं शे ना?" म्हटलं की कोणीही आत घेतं. फक्त मी पसरत नाही. पुढच्या गावी जातो.
एका घराला मात्र माझा काटा बसत नाही.

२ ऑगस्ट
आज घरी कानबाईच्या रोटांचे, नैवेद्याच्या जाड पोळ्यांचे, गहू काढायचे. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ, वडील, आबा, स्वतः काढतात. ते रोट घरच्यांनीच खायचे, परक्याला द्यायचे नाहीत. कॉलेज सोडून निघालो तेव्हा आबा म्हणाले होते, "आतेपाईन तुना नावनी मूठ निंघाव नही." ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.
थोरल्या भावाला, अभिमनदादाला, फोन लावला. तापाचं सांगितलं. मुठीचं विचारायचं होतं, जीभ वळली नाही. "बरं," म्हणाला, ठेवला. मागे बायकांची गाणी.

३ ऑगस्ट
कोणी नाही. कोपराने ढकलून ड्रम उपडा केला.

५ ऑगस्ट
दादा आला, एस.टी.ने. डब्यात रोट. माझ्या बोटांनी मोडेना, त्यानेच तुकडा तोंडात घातला.
मूठ? म्हटलं.
"आबा दरसाल काढतस. तीन साल तुना वाटाना रोट मीच खादात. आते तूच खाय, मन्हं पोट सुटनं."