रडगाण्यातली नावं

प्रिय मास्तर,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र काही दिवस तसंच टेबलावर पडू देशील, हे मला माहीत आहे. राहू दे. घाईचं काही नाही. तब्येत ठीक आहे, गुडघे कुरकुरतात, पण तेवढं आता चालायचंच. वन्संकडून तुझी खुशाली कळत असते. शाळा सुटली तरी गल्लीतल्या पोरांना धरून धरून गणित शिकवतोस आणि डॉक्टरांनी बंद केलेली साखर चोरून चहात घालतोस, हेही कळलं. फोन करता आला असता. पण फोनवर आपण दोघंही 'बाकी काय?' इथवर येतो आणि अडखळतो. मला जे सांगायचंय ते त्या 'बाकी'त मावणारं नाही.

आमचा विभाग अजून तिसऱ्या मजल्यावरच आहे आणि लिफ्ट अजून बंदच आहे. वाद्यांच्या खोलीत तोच कोंदट वास, लाकडाचा आणि कातड्याचा. यंदाची मुलं चुणचुणीत आहेत. पहिल्या तासाला मी त्यांच्याशी माझा जुनाच खेळ खेळते. लांबच्या डोंगरातलं लग्नाचं गाणं लावते, तर ती म्हणतात, कोणीतरी गेलंय वाटतं. मग एका बेटावरच्या अंत्ययात्रेतला वाद्यमेळ लावते, तर ती बाकांवर ठेका धरतात. आपल्या कानांना दुःख वाटतं तेच सगळ्या जगाचं दुःख, ही समजूत मोडण्यात आमचं अर्धं वर्ष जातं. तू तर माझ्या विषयाचं बारसंच करून ठेवलं होतंस. स्टाफरूममध्ये सांगायचास, इतरांच्या बायका रडगाणं गातात, माझी बायको रडगाण्यांचा अभ्यास करते. मला राग यायचा, पण हसूही यायचं. विलापगीतांवर प्रबंध लिहिणाऱ्या बाईच्या घरात कोणीतरी हसणारं असावं लागतं.

मावशी आठवते का तुला? लग्नाआधी मी त्या मच्छीमारांच्या वस्तीत जिच्या घरी राहिले होते ती. जाळी विणणं हा तिचा धंदा आणि वस्तीत कोणी गेलं की विलापाची पहिली ओळ उचलणं हा तिचा मान. मी टेपरेकॉर्डर घेऊन गेले तर तिने तो तांदळाच्या डब्यावर ठेवून दिला आणि वर फडकं टाकलं. आधी तोंडाने शिक, मग तुझं खोकं लाव, म्हणाली. तिच्यासोबत जाळ्याच्या गाठी मारता मारता मी ते सगळं तोंडपाठ केलं, भाषेसकट. आपण दोघं एकदा तिला भेटायला गेलो होतो. तू कडक इस्त्रीची पँट घालून ओल्या धक्क्यावर पाय ठेवलास आणि घसरून सपशेल आपटलास, तेव्हा ती तोंडाला पदर लावून हसली. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाली होती, नवरा चांगला आहे, पण त्याला जमिनीवरच ठेव. तेव्हा मला दिवस होते, भिंगरीचे. पुढे भिंगरीला समुद्र दाखवायला न्यायचं न्यायचं म्हणत राहिलो आपण.

गेल्या महिन्यात मावशीच्या भाचीचा फोन आला. ती आता तिथल्या बर्फाच्या कारखान्यात हिशेब बघते. मावशी सकाळी उठली नाही, एवढंच झालं होतं. भरपूर वय, काही हाल नाहीत. पण भाचीचा आवाज घाबरलेला होता. वस्तीतल्या तरण्या बायका आता डबाबंद मासळीच्या कारखान्यात जातात, शहरात जातात. मागून साथ द्यायला सगळ्यांना येतं, पण पुढे होऊन विलाप उचलणारी मावशी ही शेवटचीच. मी म्हटलं, माझ्याकडे तिचंच रेकॉर्डिंग आहे, स्वच्छ करून घेतलेलं, आत्ता पाठवते. भाची म्हणाली, "तिला मशीन लावून पोचवायचं? तुला येतं ना, ताई? मग तूच ये."

मी लगेच हो म्हटलं नाही. इतकी वर्षं हा विषय शिकवतेय, देशोदेशींचे विलाप ऐकलेत, पण खऱ्या मेलेल्या माणसासमोर मी एकही ओळ कधी गायलेली नव्हती. आमचं काम कोपऱ्यात बसून ऐकायचं. आणि दुसरं कारण तुला सांगायला नको.

तरी सांगते, कारण ते आपण एकमेकांना कधी सांगितलंच नाही. दवाखान्याच्या त्या लांब पॅसेजमध्ये डॉक्टर बाहेर आले, तेव्हा तू भिंतीला टेकून मोठ्याने रडलास. अनोळखी माणसांनी तुला धरलं. मी भिंगरीचे बूट हातात घेऊन उभी होते आणि त्यांचे बंद सोडवून परत बांधत होते. घरी आल्यावर माणसं आली, गेली. सगळे माझ्या डोळ्यांकडे बघायचे. तिच्या तापाचे ते थोडे दिवस आणि मग ते घर, आणि मी कोरडी. काही आठवड्यांनी मी कामावर गेले. तू डबा द्यायला आलास, तेव्हा मी कानांवर हेडफोन लावून बसले होते. कुठल्याशा खेड्यातली एक आई आपल्या मुलासाठी विलाप करत होती, आणि तिचा श्वास जिथे जिथे तुटतो तिथे मी कागदावर आकडीची खूण करत होते. तू माझ्या खांद्यावरून बघितलंस. ओरडला नाहीस. एवढंच म्हणालास, "तुला रडणंसुद्धा लिहूनच काढावं लागतं का गं?"

त्यानंतर आपण त्या घरात भाडेकरूंसारखे राहिलो, एकमेकांची वेळ सांभाळून. तू वन्संकडे निघून गेलास त्याचा मला राग आला नाही. तुला जिच्यासोबत रडायचं होतं ती बाई तुला घरात सापडत नव्हती. दगड आहे, असं लोक म्हणाले. दगड नव्हते रे मी. घशाशी काहीतरी अडलेलं होतं आणि ते कुठल्या भाषेतलं आहे तेच मला कळत नव्हतं. मी ते जगभरच्या बायकांच्या गळ्यांत शोधत होते. तुला वाटलं, मी काम करतेय.

तर मी गेले. बसने, मग रिक्षाने, मग पायी. धक्का आता सिमेंटचा झालाय. मावशी पुढच्या खोलीत होती, भिंतीवरची जाळी काढून ठेवलेली. भाचीने मला उंबऱ्यातच थांबवलं आणि हळू आवाजात नियम सांगितला: आधी जाणाऱ्याचं कडवं, त्यानंतर पुढे गाणारीने आपल्या घरच्या गेलेल्यांची नावं घ्यायची, मग एकेका बाईने आपापली. ती सगळी नावं झाल्याशिवाय मयत उचलत नाहीत. आपल्या माणसाला एकट्याने पाठवत नाहीत, आधी गेलेल्यांच्या हवाली करतात. मी मान डोलावली. मास्तर, माझ्या प्रबंधात यावर एक अख्खं प्रकरण आहे, आकृतीसकट. पण शिकवताना मावशी मला नेमकी त्या जागेवर थांबवायची. म्हणायची, तुझं कोणी गेलेलं नाही अजून, तू इथे गप्प बस.

पहिली ओळ उचलली तर आवाज फाटका आला. बायकांनी मागून ओढून घेतली. दुसरी जरा बरी लागली. मावशीचं कडवं म्हणताना मला चक्क तिच्याच हरकती सुचत होत्या, आणि समोर ती पडलेली. मग ती जागा आली. माझ्या आईचं नाव घेतलं, वडिलांचं घेतलं. तिथे थांबायचं असं येताना बसमध्ये ठरवलं होतं. पण तोंडातून भिंगरीचं नाव गेलं. पाळण्यातलं, पूर्ण.

मी त्याच सुरावर पुढे जायला लागले, पण मागून साथ आली नाही. सगळ्या बायका थांबल्या होत्या. मला वाटलं, माझं काही चुकलं. मावशीच्या वयाची एक म्हातारी दाराशी बसली होती, ती गाणं न मोडता, त्याच सुरात म्हणाली, "लेकरू कुणाचं? आईचं नाव घे, बापाचं घे. नाहीतर ते पुढे जात नाही, वाटेत उभं राहतं."

माझ्या प्रबंधात हे नाही. लेकराचं नाव घेणारी बाई माझ्यासमोर तेव्हा कधी आलीच नव्हती.

मी माझं नाव घेतलं. मग तुझं घेतलं. खोलीतल्या सगळ्या बायकांनी आपली दोघांची नावं एकापाठोपाठ परत म्हटली, तुझ्या नावातलं मधलं अक्षर त्यांना उच्चारता येत नाही, ते गिळून. आणि मी रडले. कसं, ते लिहिता येणार नाही. माझ्याजवळ त्याच्यासाठी खूण नाही. भाचीने कोपर धरलं होतं. गाणं मात्र थांबलं नाही. मागच्या बायका तीच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या, मी गाण्यात परत येईपर्यंत. साथीच्या त्या ओळींबद्दल मी लिहून ठेवलंय की मुख्य गायिकेला दम घ्यायला अवसर मिळावा म्हणून त्या असतात. बरोबरच आहे म्हणा ते.

मग एकेकीने आपापली नावं घेतली आणि मावशीला नेलं. नंतर आम्ही बायका धक्क्यावर पाय सोडून बसलो. मघाच्या म्हातारीने विचारलं, पोर कशी होती? इतक्या वर्षांत मला हे कोणी विचारलेलं नव्हतं. कशी गेली, हेच विचारतात सगळे. मी सांगितलं. भोवळ येईपर्यंत गोल फिरायची आणि मग जमिनीला धरून बसायची, जमीन हलतेय म्हणून. पाढे तिला तू शिकवलेस, पण सात सक म्हटलं की ती चव्वेचाळीस म्हणायची. तू बेचाळीस सांगितलंस की म्हणायची, बाबा म्हणतात म्हणजे तसंच असेल, पण मला चव्वेचाळीस आवडतात. बायका हसल्या. मीही हसले. परत येताना बसमध्ये झोप लागली, गाढ.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते. एकदा घेतलेलं नाव त्या विलापातून काढत नाहीत. यापुढे वस्तीत कोणीही गेलं की भिंगरीचं नाव घेतलं जाईल, आणि कोणाची, तेही. भाची आता माझ्याकडून पुढे होऊन गायला शिकतेय. आठवड्यातून दोनदा फोनवर बसतो, आणि जाळ्याच्या गाठींसारखी एकेक ओळ ती मला पुन्हा पुन्हा म्हणायला लावते. पण तिने एक बजावून सांगितलंय. मेलेल्याला विचारावं लागत नाही, जिवंत माणसाचं नाव मात्र त्याला न विचारता विलापात ठेवत नाहीत. मी त्या दिवशी तुला न विचारता घेतलं. म्हणून विचारते. तुझं नाव राहू दे का? नको असेल तर तसं कळव, मनात काही न ठेवता. नुसत्या माझ्या नावानेही चालवून घेतील त्या. माझ्यासाठी हो म्हणू नकोस. तिच्यासाठी म्हणावंसं वाटलं तरच म्हण. आणि हो, ते मधलं अक्षर मी भाचीला बऱ्याचदा म्हणून दाखवलं, पण तिच्या जिभेवर ते काही बसत नाही. ती म्हणते, ज्याचं नाव आहे त्यानेच एकदा येऊन शिकवावं. मी तिला काही कबूल केलेलं नाही.

तुझीच
(हा 'च' लिहू की नको, असं झालं होतं. लिहिला.)